मिस्त्रींच्या कामाला लागलेले माझे हात

किस्से कोणी ठरवून गोळा करत नाही. मोटारीच्या हेडात काजळी धरते तसे ते धरतात. गाडी चालू असते तोवर कुणाला पत्ता नसतो, आणि एकदा उघडलं की खरवडत बसावं लागतं.

हेड म्हणजे इंजिनाचं झाकण. खाली चार सिलिंडर, वर हे जाड लोखंडी झाकण, आणि दोघांच्या मधे एक पातळ पत्रा. त्याला गॅसकेट म्हणतात. तो नीट बसला तर वाफ, पाणी, तेल आपापल्या जागी राहतं. नाही बसला तर सगळ्यांचं भांडण लागतं.

हे मला कसं माहीत? मी मोटारवाला नाही हो, मी तांबट. मराठी चौथीपर्यंत शाळा, पुढं हातोडी. पण आमच्या नाशकातल्या गल्लीच्या तोंडाशी इब्राहिम मिस्त्रींनी मोटारदुरुस्तीचं गॅरेज टाकलं, ते नेमकं माझ्या दुकानाला लागून. मधे कुडाची भिंत. भिंतीला भोक. भोक कुणी पाडलं ते विचारू नका.

चार माणसं जमली की मला हे किस्से सांगायला लावतात आणि हसतात. मीही हसतो. पण खरं सांगू? यातल्या एकाही किश्श्यात माझं तोंड मला चांगलं दिसत नाही.

*

गॅरेजात पहिल्यांदा हेड उघडायचं होतं तेव्हाची गोष्ट. वकिलाची गाडी. मिस्त्रींनी सगळे बोल्ट काढले, तरी हेड जागचं हलेना. वर्षानुवर्षं तापून तापून खालच्या लोखंडाला चिकटलेलं.

मला कोण उत्साह! मी निम्मी गल्ली गोळा केली आणि सांगून टाकलं, "हे दहा माणसांचं काम आहे. दोर बांधा. फटीत पहार घाला."

मिस्त्री म्हणाले, "तात्या, पहार घातली तर खालची बाजू खरचटेल. मग ही गाडी जन्मभर गळेल."

"मग कसं काढणार?"

मिस्त्रींनी चारही प्लग परत बसवले. दोन बोल्ट चार-चार आटे फिरवून नुसते अडकवून ठेवले. मग गाडी सुरू करायच्या पुढच्या दांड्याकडं बोट दाखवून म्हणाले, "तात्या, हँडल मारा."

धोतर खोचलं आणि हँडल मारलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा आतली हवा दाबली गेली, 'फस्स' झालं आणि ते आडदांड झाकण आपलं आपण बोटभर वर आलं!

गल्ली गाडीकडं बघेना, माझ्याकडं बघायला लागली. मिस्त्री हात पुसत म्हणाले, "दहा माणसांचं काम एकट्यानं केलंत, तात्या. आता जरा बसा."

*

शुक्रवारी दुपारी मिस्त्री नमाजाला गेले की गॅरेज बंद. त्या वेळी टपालवाला आला तर त्यांचं टपाल माझ्याकडे देऊन जायचा. त्या दिवशी कार्ड होतं. कार्ड म्हणजे उघडं. उघडं काही दिसलं की माझे डोळे आपोआप तिकडं जातात, त्याला मी तरी काय करू?

कार्ड मनमाडहून त्यांच्या थोरल्या भावाचं. मिस्त्री मूळ मनमाडच्या रेल्वेतले. बांधलेली नोकरी सोडून स्वतःचं गॅरेज काढायला नाशकात आले, ते भावाला मुळीच पसंत नव्हतं. लिहिलं होतं, 'फोरमनसाहेबांना गळ घालून तुझी जागा दिवाळीपर्यंत राखून ठेवली आहे. गॅरेज चालत नसेल तर हट्ट सोड आणि बिऱ्हाड घेऊन ये. दिवाळीनंतर जागा नाही, आणि मीही पुन्हा शब्द टाकणार नाही.'

मी ते एकदा मनात वाचलं. एकदा घरात मोठ्यानं वाचलं. आमची ही त्या वेळी नेमकी नळावर निघाली होती.

तासाभरानं मिस्त्री परत आले तर गल्लीच्या तोंडालाच पानवाल्यानं त्यांचा हात धरला. "नका हो जाऊ मनमाडला! आम्हांला करमायचं नाही!" पुढं आणखी दोघांनी तेच. मिस्त्री बुचकळ्यात. शेवटी माझ्यापाशी आले. मी कार्ड पुढं केलं.

त्यांनी ते घेतलंच नाही. "चष्मा घरी राहिला," म्हणाले, "तुम्हीच म्हणून दाखवा. एव्हाना पाठ झालं असेल."

आणि मी म्हणून दाखवलं हो! कार्डाकडं न बघता, सहीसकट!

*

मनमाड टाळायचं तर हाताशी कायमचं काम हवं होतं. ते एकाच माणसाकडं होतं. माणकशेठ. नाशिक ते नामपूर त्यांच्या पाच गाड्या चालायच्या, लाकडी बॉडीच्या, वर कांद्याची पोती आणि आत माणसं. दसऱ्यानंतर एक दिवस त्यातली एक गाडी ढकलत आमच्या गल्लीत आणली. मागोमाग शेठ.

मिस्त्रींनी तेलाची कांडी ओढून बघितली. तेल काळं नव्हतं, पांढरट होतं. गाडीचा ड्रायव्हर सखाराम नामपूरचा, बोलणं अहिराणी; आपलं 'आहे' ते त्याचं 'शे'. तो वास घेऊन म्हणाला, "मिस्त्री, हाई तेल शे का ताक?"

मिस्त्री तोंड उघडणार, तेवढ्यात मी भिंतीपलीकडून ओरडलो, "इंजिन पाणी पितंय! गॅसकेट फाटलंय! हेड उतरवा!"

सगळं बरोबर होतं. चार महिने भोकातून बघून शिकलो होतो. पण शेठ चमकले. "हे कोण?"

"शेजारी," मिस्त्री म्हणाले. "यांना तांब्यातलं सगळं कळतं. तेवढ्यानं यांचं भागत नाही."

शेठ हसले नाहीत. मिस्त्रींना म्हणाले, "हे बघा, आजवर माझं काम बाहेरगावी जायचं. तुम्हांला ही एक गाडी देतो. दिवाळीच्या आत ती नामपूरला गेली आणि वाटेत न थांबता परत आली, तर पाचही गाड्या तुमच्याकडे. आणि नाही आली..."

"तर मनमाड," मिस्त्री म्हणाले.

शेठना त्याचा अर्थ लागला नाही. गल्लीत बाकी सगळ्यांना लागला.

*

हेड उतरलं. मिस्त्रींची एक पद्धत होती. बोल्ट जसजसे निघत तसतसे ते गोणपाटावर मांडत जायचे, ज्या जागचा बोल्ट त्याच जागी. चौदा बोल्ट, कुणी लांब, कुणी आखूड. परत बसवताना ज्याचं घर त्याला.

मिस्त्री जेवायला गेले. मी सहज डोकावलो. गोणपाटावर सगळा पसारा! लांबाशेजारी आखूड, आखडाशेजारी लांब. आता आम्ही दुकानदार माणसं. भांडी मांडायची ती उतरत्या क्रमानं. हंडा, मग घागर, मग कळशी, मग तांब्या. तशी मांडली नाहीत तर रात्रीचं जेवण गोड लागत नाही.

मी चौदाच्या चौदा बोल्ट रॉकेलनं स्वच्छ पुसले आणि ओळीनं लावले. लांबातला लांब डावीकडं, आखडातला आखूड उजवीकडं. मनात म्हटलं, मिस्त्री खूश होणार.

मिस्त्री आले आणि उंबऱ्यातच थांबले. मग गोणपाटाशी उकिडवे बसून एकेक बोल्ट उचलून भोकात घालून बघायला लागले. त्यात सगळी दुपार गेली.

संध्याकाळी एवढंच म्हणाले, "दुकान छान मांडलंत, तात्या. गिऱ्हाईक आलं तर मला हाक मारा."

*

हेड सपाट आहे की तापून वाकलंय, ते बघायचं एक तंत्र असतं. जाड सपाट काचेला पातळ रंग लावतात आणि हेड त्यावर अलगद फिरवतात. रंग सगळीकडं लागला तर सपाट. कुठं कोरं राहिलं तर तिथं खळगा.

मिस्त्रींच्याकडचा रंग संपला होता. भोकातून मी विचारलं, "काजळ चालेल?"

"पळेल. पण थोडंच."

माझ्या भाचीच्या बाळाचं बारसं दोन दिवसांवर होतं. आमच्या हिनं तुपाच्या दिव्यावर धरून, कापूर घालून बाळासाठी डबीभर काजळ केलं होतं. थोडं म्हणजे किती हे मला आजवर कधी कळलेलं नाही. मी डबीच नेली. शिवाय आमच्या कपाटाची काच काढून नेली.

काजळ काचेवर फासलं, हेड फिरवलं, उचललं. दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मधे चिंचोक्याएवढी जागा कोरी. मिस्त्रींनी दोन दिवस बसून कानशीनं आणि पॉलिश कागदानं ती बाजू एका पातळीत आणली. एवढं नाजूक काम मी आमच्या धंद्यातही पाहिलेलं नाही.

इकडं हिला रिकामी डबी सापडली. तरातरा गॅरेजच्या दारात आली. काळं झालेलं ते भलंमोठं लोखंड पाहिलं आणि मिस्त्रींना म्हणाली, "मिस्त्रीभाऊ, बारसं यालाच घाला आता. आत्या नसली तरी मामा आहेतच, कानात नाव सांगतील!"

*

आता हसायचं थांबतो, कारण पुढचं तसं नाही.

मुंबईहून गॅसकेट मागवलं होतं. ते आलं, पण दुसऱ्याच गाडीचं. पुन्हा मागवायला दिवस नव्हते. मिस्त्री माझ्याकडे आले. "तात्या, तांब्याचा चांगला पत्रा आहे?"

माझी छाती केवढी फुगली! सगळ्यांत उत्तम पत्रा काढून दिला. जुन्या गॅसकेटवरून त्यांनी तो आखला, माझ्याच कातरीनं कापला, भोकं पाडली. मग माझ्या भट्टीत लालबुंद तापवून पाण्यात विझवला. तांबं तापवून विझवलं की मऊ होतं. मऊ असलं की दाबाखाली बारीकसारीक खळग्यांत जाऊन बसतं. गॅसकेटचं मर्म एवढंच.

फळीवर ठेवून मिस्त्री म्हणाले, "याला हात लावू नका."

"मला सांगता? आमची चौथी पिढी तांब्यात!"

ते रेडिएटरचा रबरी पाइप आणायला स्टेशनवर गेले. मी आणि गॅसकेट दोघंच उरलो.

काय त्याचं रूप! कुठं काळं, कुठं तांबूस, जळकं. समोरच्या दुकानातून बाळोबा ओरडला, "काय हो तात्या, हे करपलेलं फडकं तुमच्या दुकानातून जाणार का? नामपूरपर्यंत नाव निघेल!"

मला तेवढं पुरलं.

आमच्यात भांडं घडवून झालं की शेवटी ते मठारतात. म्हणजे हलक्या हातानं, ठोक्याला ठोका लावून सगळं अंग ठोकून काढतात. त्यानं ते चकाकतं, आणि कडक होतं. न मठारता भांडं दुकानाबाहेर गेलं तर आम्हांला लग्नात केस न विंचरता गेल्यासारखं होतं. मी गॅसकेट चिंचेनं घासलं. ऐरणीवर घेतलं. सपाट तोंडाची हातोडी काढली. तासभर मन लावून मठारलं. एक ठोका उठून दिसेल तर शपथ! आरशासारखं झालं.

ठोकलं की तांबं कडक होतं, हे मला माहीत नव्हतं? त्यावर तर माझं घर चालतं! पण त्या तासाभरात माझ्यापुढं गॅसकेट नव्हतंच. भांडं होतं.

मिस्त्री परत आले ते शेठना बरोबर घेऊन. शेठ घाईत. मिस्त्रींनी गॅसकेट उचललं. "हे चमकतंय कसं?"

"चिंचेनं धुतलं," मी म्हणालो.

ते खरंच होतं. पुढचं बोललो नाही. त्यांचा चेहरा बघून तेव्हाच मला कळलं होतं की आपण काय केलं. 'शेठसमोर कशाला, मागाहून सांगू' असं मनाशी म्हणालो. मिस्त्रींनी दोन्ही अंगांना ग्रीस लावलं, हेड बसवलं, मधून कडेला असे चौदा बोल्ट आवळले. मागाहून काही आलंच नाही.

शेठ वाकून बघत होते. म्हणाले, "वा! काय लखलखीत काम आहे!"

आणि मी, देवा रे, भिंतीपलीकडून ओरडलो, "तांबं आमचं आहे, शेठ!"

*

नामपूरच्या फेरीला मिस्त्रींनी मला आग्रहानं पुढच्या बाकावर बसवलं. "तुमचं तांबं, तुम्ही हवेतच." पलीकडं शेठ.

ओझर गेलं, पिंपळगाव गेलं. गाडी अशी पळत होती की मला वाटलं, आपण उगीच घाबरलो. जीव भांड्यात पडला तशी जीभ सुटली. मागच्या बाकावरच्या दर माणसाला मी सांगितलं की आत जे बसलंय ना, ते आमच्या दुकानचं.

सोग्रस फाटा मागं पडला. पुढं भावडबारीचा चढ. निम्म्यावर आलो आणि बॉनेटखालून 'फुस्स फुस्स' ऐकू यायला लागलं. मग रेडिएटरच्या तोंडातून वाफेचा लोट. नामपूरची एक म्हातारी मांडीवरचं गाठोडं उराशी धरून म्हणाली, "बई! हाई मोटार शे का चुल्हा?"

सखारामनं गाडी थांबवली. "तपी गई," म्हणाला आणि चाकाला दगड लावायला उतरला.

सगळे खाली उतरले. मागच्या बाकावरचा एक जण माझ्यापाशी येऊन हळूच म्हणाला, "तांबं तुमचंच ना?"

शेठनी घड्याळ बघितलं. "मिस्त्री, नाशकाहून मनमाडची गाडी किती वाजता असते हो?" कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं असणार. कुणी ते मला काय विचारता? घरात मोठ्यानं वाचून अख्ख्या गल्लीत ते मीच तर पसरवलं होतं.

मिस्त्री ओढ्यावरून बादलीनं पाणी आणत राहिले. मी एका दगडावर बसलो होतो. 'मी ठोकलं' एवढे दोनच शब्द. तोंडात होते, ओठापर्यंत येत होते, परत जात होते.

पाण्याची एक खेप संपवून मिस्त्री माझ्याकडे आले. आपला पंचा ओला करून त्यांनी माझ्या डोक्यावर टाकला. "उन्हात बसू नका, तात्या. तुमचा चेहरा फार उतरलाय."

*

गाडी बैल लावून परत आणली. गॅरेजात शेठसमोर हेड पुन्हा उघडलं.

गॅसकेट निघालं. दुसऱ्या आणि तिसऱ्या भोकाच्या मधे काळा ओघळ, तिथून वाफ फुटलेली. मिस्त्रींनी ते एका बोटावर अडकवलं आणि पान्यानं त्यावर सहज टिचकी मारली.

ठण्ण!

आमच्या गल्लीत दिवसभर वीस हातोड्या चालतात. त्या आवाजासरशी एकेक करून सगळ्या थांबल्या. मऊ तांबं कधी ठण्ण म्हणत नाही, ते थप् म्हणतं. हे तांबं मठारलेलं आहे हे गल्लीत पाळण्यातल्या पोराला कळलं असतं. मिस्त्रींना कळलं. त्यांनी मान वळवली आणि भोकाकडं बघितलं. भोकाला अलीकडून माझा डोळा होता.

शेठनी विचारलं, "काय झालं काय?"

"माझ्याकडून तांबं कडक राहिलं," मिस्त्री म्हणाले. "चूक माझी."

शेठ निघून गेले. मिस्त्रींनी गॅसकेट खिळ्याला अडकवलं, आणि एकेक पाना पुसून पोत्यात भरायला घेतला.

मी भोकाशी तसाच उभा. आमची ही मागं येऊन कधी उभी राहिली कळलं नाही. ती मला कधी घालूनपाडून बोलत नाही. त्या दिवशी म्हणाली, "अहो, भोकातून नुसतं दिसतं. जायचं तर दारानं जावं लागतं."

*

दारानं गेलो. मिस्त्रींच्याकडे जायला तोंड नव्हतं, म्हणून मोटार स्टँडवर शेठकडे गेलो. उतारूंची गर्दी होती. तिथंच सांगून टाकलं, "शेठ, मिस्त्रींची चूक नाही. त्यांनी तांबं मऊ केलं होतं. त्यांच्या माघारी मी ते ठोकलं."

शेठचे डोळेच भरून आले! उठून त्यांनी माझा हात धरला. "वा तात्या, वा! दुसऱ्याचं बिऱ्हाड मोडू नये म्हणून आळ आपल्या अंगावर घेताय! बघा रे, शेजार असावा तर असा!"

"नाही हो शेठ, खरंच मी..."

"पुरे, पुरे! तुमचं मन कळलं आम्हांला. अरे, तात्यांना चहा आणा! तुम्ही बसा, खुर्चीवर बसा."

उतारू माना डोलवायला लागले. एका म्हाताऱ्यानं मला वाकून नमस्कार केला. चहा आला. तो मी कसा गिळला ते मला ठाऊक. आयुष्यात एवढी स्तुती माझी कधी झाली नव्हती, आणि एवढं मेल्याहून मेल्यासारखंही.

कप ठेवला आणि धावत दुकानात गेलो. त्याच पत्र्याच्या दोन पट्ट्या कापल्या, दोन्ही तापवून विझवल्या. हातोडी आणि पट्ट्या घेऊन परत स्टँडवर. एक पट्टी शेठच्या हातात दिली. "वाकवा." ती कापडासारखी वाकली. दुसरी तिथंच दगडी पायरीवर धरून मठारली. लखलखीत केली. "आता ही वाकवा."

शेठनी जोर लावला. मग पट्टी डोळ्यांजवळ नेली. ती चकाकी त्यांनी ओळखली. अगदी तश्शीच पाहिली होती ना!

हळूहळू त्यांचा चेहरा बदलला. मघापासून मला 'तुम्ही' म्हणणारे शेठ म्हणाले, "म्हणजे हे तू खरंच केलंस?"

*

शेठनी मिस्त्रींना आणखी एक संधी दिली. एकच अट घातली. नवं गॅसकेट करून हेड बसेपर्यंत मी नाशकात राहायचं नाही!

दुसऱ्या दिवशी सकाळी शेठच्याच दुसऱ्या एका गाडीनं मला नामपूरला रवाना केलं. गल्ली निरोप द्यायला स्टँडवर हजर. बाळोबानं नारळ दिला. हिनं दशम्यांची पुरचुंडी दिली आणि म्हणाली, "हात शिवशिवले तर तिथं कांदे निवडा. ते मठारता येत नाहीत."

मी निवडले. सखारामच्या घरी ओसरीवर उतरलो होतो. तिसरा दिवस उजाडला, वसुबारस आली. मिस्त्रींची गाडी त्याच दिवशी निघायची होती. सकाळपासून मी नामपूरच्या बाजारात रस्त्याच्या कडेला उभा. भावडबारी किती लांब आहे आणि गाडीला किती वेळ लागतो, याचा हिशेब करून करून डोकं शिणलं. दोन प्रहरी धूळ दिसली. मग हॉर्न. मग ती गाडी, भरलेली, वर पोती. रेडिएटरच्या तोंडाला वाफेचं नाव नाही.

शेठ पुढून उडी मारून उतरले. "आली, मिस्त्री, आली! आता फक्त परत जायचं!"

मी गर्दीच्या मागं सरकलो.

मिस्त्रींनी बॉनेट उचललं. नवं गॅसकेट पहिल्या खेपेला तापून दबलं की बोल्ट किंचित ढिले पडतात. ते एकदा परत आवळावे लागतात. जास्त आवळले तर बोल्ट तुटतो, कमी आवळले तर परतीच्या वाटेवर बारीत पुन्हा वाफ. आजवरचं सगळं काम त्या शेवटच्या अर्ध्या-पाव पिळावर. ते मिस्त्री कुणाला करू देत नसत. ड्रायव्हरलाही नाही.

त्यांनी पाना काढला. गर्दीवरून नजर फिरवली. मग गर्दीतून वाट काढत नेमके माझ्यापाशी आले.

"तात्या, मधून सुरू करा. एक इकडचा, एक तिकडचा. हाताला लागेल तेवढंच."

पाना माझ्या हातात ठेवला आणि समोरच्या चहाच्या दुकानात जाऊन बसले. आमच्याकडं पाठ करून.

मी मधला बोल्ट धरला. लोखंड अजून चटका देत होतं. शेठ तिकडं पळतच गेले. त्यांचा आवाज सगळ्या बाजारात ऐकू आला, "अहो मिस्त्री, चहा कसला पिताय! त्याच्या हातात पाना आहे! नजर तरी ठेवा त्याच्यावर!"

मिस्त्रींनी बशीत चहा ओतला. मान वळवली नाही.

"तुम्ही ठेवा, शेठ. तुमच्या गाड्या पाच आहेत. मला शेजारी एकच आहे."